ठकूआत्याचा अंगठा

मानेला तेल लावून घेण्यात दीपेशचे तीन फायदे होते. पहिला, मान उजवीकडे वळली असती. पाच दिवस ती अडकली होती आणि मोटारसायकलवरून महाडच्या कारखान्यात जाताना उजवीकडून कोण आलं हे त्याला हॉर्न वाजल्यावरच कळे. दुसरा, डॉक्टरकडे जावं लागलं नसतं, म्हणजे मान कशाने धरली हे कुणी विचारलं नसतं. आणि तिसरा, ठकूआत्या घरातच होती.

ठकूआत्या नात्याने कुणी नव्हे. ती कुडपणची, दीपेशच्या मूळ गावची; गावातल्या निम्म्या माणसांच्या अंगाला पहिलं तेल तिनेच लावलेलं, त्यात दीपेशही आला. दीपेशच्या बायकोला, श्रुतिकाला, मुलगी झाली, माहेरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून सव्वा महिन्यासाठी तिला पोलादपूरला आणली होती. रोज सकाळी आधी बाळंतीण, मग बाळ. तेल, गरम पाणी, ओव्याची धुरी. मुलगी त्यानंतर जी झोपायची ती दिवसभर, आणि रात्री घर डोक्यावर घ्यायची.

त्यावर दीपेशने उपाय काढला होता: डबल ड्यूटी. माणसं कमी पडतात असं घरी सांगून तो आठवड्यातल्या चार रात्री बिरवाडीला कारखान्यातल्या हृतिकच्या खोलीवर काढी. तिथे सहा जणांत पाच उशा होत्या आणि शेवटी येणाऱ्याला उशाला हेल्मेट मिळे. मान तिथेच धरली. घरी त्याने ड्रम उचलल्याचं सांगितलं. श्रुतिकाला इतकं वाईट वाटलं की तिने आपल्या वाटणीचे दोन डिंकाचे लाडू त्याच्या डब्यात घातले. ते त्याने खाल्लेही.

आत्या आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली की लावीन, पण मला एकच पद्धत येते. बाळंतिणीचं जे जे होतं ते सगळं होईल, अर्धं मी करत नाय. दीपेश कबूल झाला. चटईवर उपडा पडला, डोकं तिच्या पसरलेल्या पायांवर.

आता आत्याच्या पद्धतीत नुसते हात नव्हते. हात चालताना ती बाईला विचारत जाई: सासू काय बोलली, नवरा कुठे चुकला, रात्री डोळ्यांना पाणी का येतं. मन रिकामं झाल्याशिवाय तेल आत जात नाही, वरच चमकत राहतं, असं तिचं म्हणणं. त्याच मऊ आवाजात तिने दीपेशलाही विचारायला घेतलं. दीपेश हसला. आत्याचा अंगठा मानेच्या मुळाशी येऊन थांबला.

"ड्रमची गाठ खांद्यात बसते रे. ही निजण्याची हाय."

दीपेशने हसू आवरलं, अंगठ्याने दाब आवरला नाही. हळूहळू पाठ सैल पडली, मग जबडा सुटला आणि तीस वर्षांचा गडी आत्याच्या पायांत तोंड खुपसून बोलायला लागला. हेल्मेटचं बोलला. मग जे हृतिकलाही सांगितलं नव्हतं ते बोलला: पोरगी रडली की हात कापतात, आपल्या हातून पडेल असं वाटतं, तिला गप्प करता येत नाही म्हणून पळतो. इतकं हलकं त्याला लग्न ठरल्यापासून वाटलं नव्हतं.

"किती रात्री गेलास?"

"नऊ असतील, आत्या."

"अकरा," श्रुतिका म्हणाली.

दीपेशची मान उजवीकडे वळली, अगदी सहज. आंघोळीचं पाणी तापल्याचं सांगायला आलेली श्रुतिका दारात उभी होती. किती वेळ, ते विचारायची सोय नव्हती.

ती भांडली नाही. पाणी निवेल, उठा, एवढंच म्हणाली. आत्याने मात्र काही सोडलं नाही: कढत पाणी घातलं, धुरी दिली, कानांत कापूस कोंबला, पोटाला जुनं लुगडं करकचून बांधलं. मग मुलगी आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"बाळंतिणीचं सगळं झालं. आता हे तेवढं राहिलं. तळपाय चोळ तिचे. जोर नको, घाई नको. तू बी यानंच गप व्हायचास."

अकरा रात्री श्रुतिका आतल्या खोलीत दार लावून झोपली. अकरा रात्री दीपेश तळपाय चोळत बसला. पहिल्या तीन रात्री त्याचे हात कापले, पुढे कापायचे थांबले. आत्या सव्वा महिना भरल्यावर नवं लुगडं नेसून कुडपणला गेली, हे सगळं घडवूनही तिला काहीच भरावं लागलं नाही. नवराबायकोची फिट्टंफाट अकराव्या रात्रीच झाली असती. पण बाराव्या रात्री श्रुतिकाने मुलीला घेतलं, तर पोरीने आकांत मांडला. तिला आता बापाशिवाय कुणाचे हात चालेनात. बारावी रात्र दीपेशने भरली, आणि त्यापुढच्याही.