पोटातला पीळ

मी एक पोटपट्टा. नाव ऐकून तोंडाला पदर लावू नका. तुमच्याही घरी ट्रंकेच्या तळाशी माझा एखादा भाऊबंद असेलच. बाळंतपणानंतर बाईच्या पोटाभोवती जुन्या, मऊ लुगड्याचा जो लांब तुकडा गुंडाळतात, तो मी. आरशाला बाईचं पोट समोरून दिसतं, मोबाईलला तिरकं दिसतं, नवऱ्याला दिसूनही कळत नाही. मी मात्र त्याला वेढे घालून राहिलोय. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार माझा आहे, आणि आज तो मी वापरणार आहे.

जन्मानं मी लुगडं. विणकरांच्या सहकारी संस्थेत नागप्पाच्या मागावर माझा जन्म झाला. हिरवं अंग, तांबडे काठ. नागप्पा सूत चिमटीत धरून बघायचा आणि शेजारच्या मागावरच्या गड्याला म्हणायचा, "सुताला पीळ बेतानं पायजे बे. कमी पडला तर सूत भुसभुशीत, जास्त झाला तर तटकन तुटतं. आन् गंमत बघ, गिऱ्हाईक काठ बघतंय, रंग बघतंय. पीळ कुणीच बघत न्हाई. टिकतंय ते मात्र त्याच्यावरच."

त्या वयात उपदेश कोण ऐकतो? मी आपला काठ मिरवण्यात दंग होतो.

नांदूरघाटच्या बाजारातून मी तुळजाबाईच्या अंगावर आलो. ती नवी नवरी होती, मी नवं लुगडं होतो. दोघांची घडी मोडायच्या आत बहात्तरचा दुष्काळ आला. तुळजाबाई मला घट्ट खोचून पाझर तलावाच्या कामावर जायची. दिवसभर मातीच्या पाट्या उचलायच्या, कामावर मिळणारी सुकडी खायची, घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, तीही सगळ्यांचं झाल्यावर उरली तर. बघता बघता तिचं पोट पाठीला लागलं आणि त्यावर आडवेउभे पीळ उमटले. ज्या पोटाला आज मोबाईलवर लोक टाळ्या देतात, अगदी तसंच. पण तेव्हा टाळ्या कुणी दिल्या नाहीत. सुटलेलं पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण, असे ते दिवस. ती मला वर ओढून पोट झाकायची.

त्या सालात तिच्या बाबतीत आणखीही एक घडलं. ते मला ठाऊक होतं, पण बाईनं स्वतः सांगितल्याशिवाय आपण तोंड उघडू नये, एवढी रीत फडक्यालाही असते.

पुढं पाऊसपाणी झालं, घरात ज्वारी आली, तुळजाबाईच्या अंगावर मांस आलं. मी विरत गेलो. तिच्या पहिल्या बाळंतपणात मला उभं फाडलं आणि माझा पोटपट्टा झाला. लुगड्याचं दुःख मला झालं नाही म्हणणार नाही, पण काठ गेले आणि काम आलं. तिच्या शेंडेफळापर्यंत, म्हणजे धर्मराजपर्यंत, मी इमानानं पोटं बांधली. मग डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत जाऊन पडलो आणि दोन-तीन पिढ्या झुरळांशी ओळख वाढवली.

ट्रंक पुन्हा उघडली तेव्हाही दुष्काळच होता. युसूफ वडगावच्या शिवारात चारा छावणी पडली होती. धर्मराज आता दूध सहकारी संस्थेचा सचिव, आणि त्याच्या घरच्या गाईसुद्धा छावणीत दावणीला. त्याच्या बायकोला, शिवकन्येला, मुलगी झाली होती. तुळजाबाईनं मला झटकलं, उन्हात घातलं आणि सुनेच्या पोटाला गुंडाळलं.

शिवकन्या बी.एस्सी. झालेली. शिकलेली, आणि शिकल्यामुळं जरा जास्तच घाबरट. बाळ शिंकलं की ती मोबाईल उघडायची आणि एखादा मोठा आजार सापडेपर्यंत वाचत बसायची. "मी आई कमी, चौकशीची खिडकी जास्त," असं ती स्वतःच म्हणायची. फक्त त्या खिडकीत उत्तर द्यायला कुणी नसायचं.

सव्वा महिना झाला आणि शेजारची बायनाबाई बाळ बघायला आली. बाळाच्या गालावरून बोटं मोडून तिची नजर शिवकन्येच्या पोटावर गेली. "पोरगी ग्वाड हाय गं. पर एक आतच राहिलं का काय?"

सगळ्या हसल्या. शिवकन्याही हसली. मी तिच्या पोटालाच होतो. ते हसू तिथपर्यंत पोचलं नाही.

त्याच दुपारी तिला मोबाईलवर एक बाई सापडली. लेकरू कडेवर आणि पोट कसं, धुण्याच्या दगडासारखं, खाचाखाचांचं. दुसऱ्या दिवसापासून शिवकन्येची भाकरी अर्धी झाली. मग चतकोर. मग काकडी आणि लिंबाचं पाणी. मला ती इतकं आवळायची की माझे धागे कण्हायचे. सतरंजीवर आडवी पडून, हात मानेमागं घेऊन ती कडाकडा पोटाच्या उठाबशा काढायची.

"कावून गं, कमरंत उसण भरली का?" तुळजाबाईनं विचारलं. सासूला शिवकन्या मामी म्हणायची.

"व्यायाम करतेय मामी. पोटावर पॅक यावेत म्हणून."

"प्याक? ते कशाला?"

"दिसायला."

"कुणाला?"

शिवकन्या उठून बसली. बायनाबाईला, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. "मलाच," ती शेवटी म्हणाली, आणि हे उत्तर खरं आहे की बरं आहे, हे तिचं तिलाही समजलं नाही.

एके दिवशी सकाळी अर्धी उठलेली असताना तिच्या पोटाच्या मधोमध एक उभा कंगोरा वर आला. ती ओरडलीच. "मामी! आला! पीळ आला!" तिनं घाईनं मला सोडून फोटो काढला, मोठा करून पाहिला, पुन्हा काढला.

मला रडू आलं. तो पीळ नव्हता, ती उसवण होती. बाळ वाढताना दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांपासून लांब गेले होते, आणि शिवण उसवलेल्या पिशवीतून सामान डोकवावं तसं आतलं पोट त्या फटीतून वर येत होतं. उठाबशांनी फट आणखी रुंदावत होती. मी माझ्या परीनं सांगितलं. गाठ सैल सोडून दिली. तिनं ती पुन्हा मारली, पहिल्याहून घट्ट.

मग अंगणवाडीत वजनाचा दिवस आला. बाळाला झोळीत ठेवलं, काटा हलला आणि मागच्या महिन्यात जिथं थांबला होता तिथंच येऊन थांबला. अंगणवाडीच्या ताईंनी काटा बोटानं ठोकून पाहिला. मग हळूच विचारलं, "दूध पुरतंय ना गं तिला?"

शिवकन्येनं शिंकेवर वाचलं होतं, उचकीवर वाचलं होतं. बाळ पिऊन झाल्यावरही का रडतं, यावर वाचायचं मात्र तिनं टाळलं होतं. उत्तर आपल्याला माहीत आहे, अशी तिला भीती होती.

संध्याकाळी धर्मराज छावणीतून आला. सगळं ऐकून तो ओसरीत टेकला. आवाज चढवला नाही त्यानं. "छावणीत गाय आटली की डॉक्टर पैलं काय इचारतो माहीत हाय का? दावणीत काय टाकता म्हणतो. तुझ्या दावणीत काय हाय?"

"काकडी," शिवकन्या म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिघी केजला गेल्या. तुळजाबाई, शिवकन्या आणि तिच्या कडेवर बाळ. बाळाच्या डॉक्टरांनी बाळ तपासलं. बाळ नीट आहे, आईनं पोटभर जेवावं आणि वरचेवर पाजावं म्हणाले. आईचं पोट दाखवायला त्यांनी शेजारच्या खोलीत गंगासागरकडं पाठवलं. ही कापडवाल्या घरातली पोर, फिजिओथेरपीची डॉक्टर झालेली; दंड असे की बाहीत मावत नव्हते.

तिनं मला सोडून खुर्चीवर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं पोट लांबून पाहिलं. शिवकन्येला डोकं जरा उचलायला सांगून तिनं बेंबीजवळ बोटं टेकवली. बोटं सरळ आत गेली.

"इथं फट आहे. हा पीळ नाही. बऱ्याच बायांना होते, भरूनही येते. पण उठाबशा आजपासून बंद. आणि पट्टा आधाराला हवा असेल तर सैल. श्वास कोंडायला नको."

शिवकन्येनं डोळे पुसले. मग जे विचारायचं मनात धरून ती आली होती ते विचारलंच. "डॉक्टर, मग ते दिसणारं पोट येतं कसं? खरं सांगा. मोबाईलसारखं नको."

गंगासागर हसली. "मला आलं होतं. कॉलेजात वजनं उचलायचे, मग शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरले. ऐका. आधी कित्येक वर्षं वजनं उचलली, तेव्हा कुठं खालचे स्नायू जाड झाले. त्यासाठी खावं लागतं हं, उपाशी राहून स्नायू होत नाहीत. अंडी, डाळी, भाकरी, झोप. पण बाईच्या पोटावर चरबीची साय असते. निसर्गानं मुद्दाम ठेवलेली. ती फार पातळ झाली तरच खालचं दिसतं. कुणाची लवकर होते, कुणाची काही केल्या होत नाही. ते आईबापाकडून येतं, त्यात लाज कसली? माझी झाली पातळ. स्टेजवर टाळ्या मिळाल्या. घरी एका पोळीवरून आईशी भांडले. आणि त्या दिवसांत माझी पाळीच थांबली. स्पर्धा झाली, खायला लागले, पोट पुन्हा झाकलं गेलं. ताकद तेवढी राहिली."

कोपऱ्यात बाळाला थोपटत बसलेली तुळजाबाई एकदम बोलली.

"माझी बी थांबलती."

दोघी वळल्या.

"बहात्तरात. तलावाच्या कामावर. सासूला वाटलं दिवस गेले. नारायणगडाला जाऊन नारळ फोडून आली. बायांनी आपल्या वाट्याची सुकडी माझ्या पदरात टाकली. कुणी चिंच आणून दिली. म्हणल्या, डोहाळे लागले असतील, खा." ती बाळाकडं बघत राहिली. "डोहाळे न्हवते गं. भूक व्हती."

शिवकन्या उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

"मग कळलं, पोटात कुणीच न्हाई. सासू काही बोलली न्हाई. पर बायांनी दिलेली सुकडी मी कशी परत करू, त्याचीच लाज. आन् पोट कसं? तुझ्या त्या मोबाईलातल्या बाईसारखं. समदे पीळ वर. म्या लुगडं वर वढून झाकलं. फुकट आलेलं मी झाकत व्हते, आन् तू तेच मागतीस?"

हेच ते, जे मी पोटात ठेवलं होतं. तिनं सांगितलं, मी मोकळा झालो.

"मामी, मला ठाऊक नव्हतं," शिवकन्या म्हणाली.

"कुणालाच न्हवतं. माग की, तुझं पोट हाय. पर भाकरी खाऊन माग."

त्या दिवशी परतताना माझी गाठ सैल होती. शिवकन्येच्या ताटात भाकरी पुरी आली, वर पिठलं, मटकीची उसळ, अंडं. सतरंजीवर ती उताणी पडून सावकाश श्वास सोडायची, बेंबी आत घ्यायची, एकेक टाच लांबवायची. हे इतकं साधं आहे की चुकतंय, अशी शंका तिला रोज यायची, आणि रोज ती तरीही करायची. अंगणवाडीतला काटा पुढं सरकला तेव्हा तिनं तो स्वतः ठोकून पाहिला; खोटा निघाला तर काय घ्या!

फट भरत आली. गंगासागरनं वजन उचलायची परवानगी दिली. आधी पाटा, मग पाण्याची कळशी, मग संस्थेत धर्मराजच्या जोडीनं दुधाचे कॅन.

पोटावर पीळ दिसले का, असं तुम्ही विचारणार. एकदा तिनं लेकीला डोक्यावर उचललं, खिडकीतून ऊन तिरकं आलं होतं, आणि दोन रेघा दिसल्यासारख्या वाटल्या. तिनं लगबगीनं मोबाईल शोधला. तो सापडेपर्यंत ऊन सरकलं होतं. ती आरशासमोर थोडा वेळ उभी राहिली. मग लेकीला भूक लागली, आणि तिलाही.

आता माझ्याविषयी. पोट बांधायचं माझं काम संपलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर सुरू झाला तेव्हा शिवकन्येनं मला उचललं, दोन्ही हातांनी पीळ दिला, गोल वळवलं आणि माझी चुंबळ केली. म्हातारपणी मलाच पीळ आला म्हणायचा! टँकरपाशी तिनं मला डोक्यावर ठेवलं आणि भरलेल्या घागरीला हात घातला.

बायनाबाई पुढं आली. "थांब गं, हात लावते."

"राहू द्या बायनाआत्या," शिवकन्या म्हणाली. "आत एक राहिलंय म्हणला होतात ना? तेच उचलतंय."

सगळ्या हसल्या. बायनाबाई सगळ्यात मोठ्यानं हसली. घागर एका दमात वर आली आणि माझ्यावर टेकली.

बायांनो, जाता जाता माझं एवढं ऐका. पोट बांधा, पण श्वास मावेल एवढं. दिसायची हौसही करा. हौसेला माझी ना नाही, मीही कधीकाळी काठ मिरवलेत. फक्त काठापायी सूत तोडू नका.

इथून, डोक्यावरून, मला आता पोट दिसत नाही. रस्ता खडकाळ आहे, घागर काठोकाठ भरलेली आहे. पण ती चालते आणि पाण्याचा एक थेंब माझ्यावर सांडत नाही. मी नागप्पाच्या मागावरचा आहे. पीळ न दिसता ओळखतो.