काळी खिडकी

आईनं माउसची वायर उपटली, माउस टेबलाच्या खणात टाकला आणि खण कोपरानं बंद केला.

"अगं, हे काय?" दारात उभ्या मुलानं विचारलं. "आता कॉम्प्युटर चालवणार कशानं?"

"बोटांनी. दहा आहेत."

दहाही थरथरत होती. गेली दोन वर्षं तिच्या हातांनी तिच्याशी उभा दावा मांडला होता. चहाचा कप अर्धाच भरायचा, शिवणाची सुई दुसऱ्याच्या हाती द्यायची, हे तिनं मुकाट्यानं सोसलं. पण शब्दकोडं रचणं सोडायला ती तयार नव्हती. मुलगा रांगत होता तेव्हापासून साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर तिचं कोडं येत होतं.

आणि गेल्या आठवड्यात घात झाला. साप्ताहिकाचा एक फोल्डर तिच्या कॉम्प्युटरवर होता. त्यात ठेवलेली फाइल आपोआप कचेरीत पोचायची. माउसनं कोडं तिकडे ओढताना हात उडाला आणि शेजारचीच फाइल गेली. कोडं छापून आलं ते सगळे चौकोन भरून, उत्तरांसकट. संपादकांनी फोन केला तोही तिला नाही, मुलाला. हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"त्यांच्याशी मी बोलतो ना," मुलगा हळूच म्हणाला. "आई आता थांबतेय म्हणून. मानानं निरोप देतील."

"जिवंतपणीच?"

तिनं कीबोर्डच्या कळा दाबून पडद्यावर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली. हे तिला धाकट्या बहिणीनं फोनवरून शिकवलं होतं. बहिणीनं उमेदीची वर्षं नोकरीत असल्याच काळ्या पडद्यासमोर काढली होती. "यात ओढायचं-ढकलायचं काही नाही गं ताई," ती म्हणाली होती. "फक्त हुकूम सोडायचा. आणि एन्टर दाबेपर्यंत तो कुणाला ऐकूही जात नाही."

कोड्यांच्या फोल्डरात शिरायला आधी सी, मग डी. डी तीनदा उमटला. मुलाचा हात पुढे आला.

"राहू दे."

जादा डी तिनं पुसले, फोल्डरचं नाव लिहिलं, एन्टर दाबलं. मग डी, आय, आर. सगळ्या फाइली ओळीनं हजर झाल्या. उत्तरांची फाइल कोड्याच्या खालीच साळसूदपणे बसली होती. मग 'कॉपी', त्यापुढे कोड्याचं नाव, त्यापुढे कचेरीच्या फोल्डरचं. मध्ये एक अक्षर चुकलं. फाइल सापडत नाही, एवढंच खिडकीनं सांगितलं आणि ती पुन्हा वाट बघत राहिली. उसासा नाही, "दे, मी करतो" नाही. या घरात इतक्या शांतपणे तिची चूक अलीकडे कुणी ऐकून घेतली नव्हती. तिनं ओळ पुन्हा लिहिली, एकेक अक्षर वाचलं, मगच एन्टर. एक फाइल कॉपी झाली. तरी कचेरीच्या फोल्डरात जाऊन तिनं खात्री केली. कोडंच होतं.

"पोचलं," ती म्हणाली.

मुलगा पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली.

"आई, मी सकाळीच बोललोय त्यांच्याशी. हे शेवटचं म्हणून सांगितलंय."

तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवली. संतापानं हात आणखीच थरथरायला लागले. तिनं ते लपवले नाहीत.

"फोन लाव त्यांना."

"आई, ऐक तरी..."

"काचेवर माझं बोट ठरत नाही म्हणून तुला सांगतेय. नंबर तू लाव. बोलणार मी."

त्यानं नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

"नमस्कार. कोडं पोचलंय, बघून घ्या," ती म्हणाली. "आणि मुलगा सकाळी म्हणाला ते विसरा. माझं शेवटचं कोडं मी अजून रचलेलं नाही. रचलं की मीच कळवीन."

पलीकडून संपादक बरंच काही बोलत होते. फोन तिच्या कानाशी हलत होता, चष्म्याच्या काडीवर टकटक आपटत होता. तो धरायला मुलाचा हात सवयीनं वर आला आणि मध्येच थांबला. त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला.