घरातली मशीन म्हणजे मीच!

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाची! वसईतल्या नंदाखालला, केळीच्या वाडीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी माझी जागा. कारखान्यात मला काळा रंग दिला, वर सोनेरी वेल काढली, आणि जीनाच्या लग्नात मी तिच्याबरोबर या घरात आले. वेल आता पुसली, पण तेव्हा काय दिसायचे मी! चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, अख्ख्या गावाचे, माझ्याच सुईखालून गेलेत. बायका कौतुक करायच्या आणि मी अशी फुगायचे ना! घरात 'मशीन' म्हटलं की मीच. कपडे धुणारी आली, तर तिलासुद्धा सगळे 'वॉशिंग' म्हणतात. मशीन हे नाव माझं!

मग एकदा जीनाने स्वतःचीच सलवार माझ्यावर घेतली. उजव्या पायाची शिवण उसवून सैल केली. डाव्याची नाही. थोड्या दिवसांनी परत तीच सलवार, परत उजवाच पाय. तिच्या मुलीने, एलिनाने, ते बघितलं.

"मम्मी, एकाच पायाला सैल का?"

"मांडीत गाठ आहे गं. दुखत नाय."

जीनाची बहीण सुझान तिथेच बसलेली, ती हसली. "चरबीची असेल! आमच्या जीनाला चरबी चढलीय, दुसरं काय?"

"हसू नको मावशी, वाढतेय ती!" म्हणत एलिनाने आईला डॉक्टरकडे नेलंच.

सुईने तुकडा काढून तपासला. गाठ चरबीचीच निघाली, पण कॅन्सरची. लायपोसार्कोमा! फार क्वचित होतो म्हणे. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन, आणि पाय वाचवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. सुझानचं हसू तिथेच आटलं.

आणि माझा जळफळाट सुरू झाला! रोज सकाळी घरात एकच, "मम्मी, आज मशीनला किती वाजता?" मी सुई सरसावून बसायचे, तर या दोघी दाराबाहेर! संध्याकाळी, "मशीनवरून आले गं, दमले." कुठली मशीन? मुंबईच्या हॉस्पिटलातली, रेडिएशनची! म्हणे मोठ्ठी, म्हणे गोरीपान. जीना तिथे आडवी पडते आणि ही नुसती गोल फिरते. एक टाका तरी घालता येतो का तिला? वर सुझान गुडघे टेकून म्हणायची, "देवा, त्या मशीनला यश दे." माझ्यासाठी कधी कोणी साधा एक नमो मारिया म्हटला नव्हता!

ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण गाठीबरोबर मांडीचा थोडा स्नायू गेला. मग घरात वॉकर आला. सडपातळ, चकचकीत! जीनाचे दोन्ही हात सारखे त्याच्या खांद्यावर. माझ्यावर मात्र इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. आतून खरी भीती एकच होती. तो पाय पायडलवर परत येणारच नाही का?

एक दिवस व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी जीनाला पाऊल वर-खाली करायला सांगितलं. जीना हसली. "हे तर मी लग्नापासून करतेय! मशीनवर बसू का?"

"बसा, पण हळूहळू," बाई म्हणाल्या.

एलिनाने ढीग उचलला, मला तेल घातलं. जीनाला माझ्या स्टुलापर्यंत आणलं कोणी? त्या वॉकरनेच! त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही. पायडल हललं, अडलं, परत हललं. आणि तिने पहिलं काय घेतलं असेल? तीच सलवार! उजव्या पायाला आत शिवण घातली.

तेवढ्यात सुझानचा फोन.

"मम्मी मशीनवर आहे," एलिना म्हणाली.

"अरे देवा! परत? तपासणीत काय निघालं गं?"

"काय नाय निघालं! मावशी, आपली मशीन! घरातली! ऐक," म्हणत तिने फोन माझ्याजवळ धरला. मित्रांनो, मी अशी खडखडले, अशी खडखडले, की पलीकडे मावशी रडायलाच लागली.

तपासण्या अजून चालू आहेत. हॉस्पिटलातल्या त्या गोऱ्या यंत्रबायांकडे जीनाला जावंच लागतं. जाऊ दे, तिला बरं ठेवतात ना! पण एक ऐका. गाठ दुखत नाही म्हणून हसण्यावारी नेऊ नका, वाढत असेल तर लगेच दाखवा. आणि तुमच्या घरी माझी कोणी बहीण कपड्यांखाली गाडली असेल, तर तिला थेंबभर तेल द्या. आणि हो, 'मशीन' तिलाच म्हणा!