आंबागडावरून रामटेक

तुमसरच्या बाबूलालनं उभ्या जन्मात कधी झाडाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. धानाचा व्यापारी माणूस, त्याची नजर सदा पोत्यात. मूठभर धान तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि भाव सांगून मोकळं व्हायचं, एवढाच काय तो त्याचा झाडापेडांशी संबंध. आणि हाच म्हातारा ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात घरच्यांना म्हणाला, आंबागडावरून चला, तिकडची झाडी फार सुंदर आहे. घरातले एकमेकांची तोंडंच पाहत बसले.

झालं होतं असं. त्याच्या लेकानं, हिरालालनं, नागपूरहून मिलिटरीची जुनी जीप आणली होती. घरात पहिलीच गाडी. मग दोन दिवस रामटेकला जाऊन यायचं ठरलं. हिरालालनं रस्ताही ठरवून टाकला होता: सरळ आंधळगाववरून निघायचं आणि दुपारचं जेवण रामटेकला करायचं. म्हातारा मात्र अडून बसला. त्याला आंबागडची वाट हवी होती, किल्ल्याच्या पायथ्यानं जाऊन पुढे जंगलातून निघणारी. पळस कसा फुलतो तिकडे, म्हणाला. सून निर्मला हळूच म्हणाली, "मामाजी, पळस तर होळीलेच झडून गेला." म्हातारा जरा गांगरला, पण व्यापारीच तो, लगेच दुसरा माल पुढे केला. पळस नसेल तर बहावा असेल, म्हणाला. पिवळाधमक. शिवाय किल्ला आहे, सावली आहे, टेंभरं पिकली असतील, ती खात खात जाऊ. हिरालालनं टायरची भीती घातली, मुरमाच्या रस्त्याची घातली, रानात गाडी बंद पडली तर कोण धावून येणार, असंही विचारलं. म्हातारा म्हणाला, मग जा तुम्ही, मी घरीच बरा. आता बापाला घरी ठेवून कोण देवाला जाणार? हिरालालनं हात टेकले.

खरं कारण साऱ्या घराला ठाऊक होतं, पण तोंडावर आणायची कोणाची छाती नव्हती. आंबागडला देवका होती, बाबूलालची थोरली लेक. देवकाची आई लवकर गेली. तिची वेणी घालण्यापासून तिच्या तापात रात्र रात्र बसण्यापर्यंत सारं बाबूलालनं केलं होतं. त्या लेकीचं तोंड त्यानं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि कशापायी? एका फेट्यापायी! हिरालालच्या लग्नात जावयांना मानाचे फेटे बांधायचे होते. लगीनघाईत बाबूलालनं पहिला फेटा धाकट्या जावयाच्या डोक्याला बांधला. थोरला जावई मारोतराव तिथेच उभा होता. तो जेवला नाही. बायकोला घेऊन तसाच आंबागडला निघून गेला. पुढे बाबूलालनं देवकाला माहेरी आणायला रीतीप्रमाणे माणूस धाडला, तो रिकामा परतला. पुढच्या साली पुन्हा धाडला. मारोतरावनं निरोप दिला की, ज्याला पहिला फेटा बांधला त्याच्या बायकोला घेऊन जा. झालं, म्हाताऱ्याच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणाला, आता मी माणूस धाडणार नाही. रीत अशी की, घ्यायला कोणी आल्याशिवाय लेक माहेरी येत नाही. म्हाताऱ्यानं बोलायला बोलून टाकलं आणि मग तो आतल्या आत झुरत राहिला.

स्वतः का गेला नाही म्हणाल, तर त्यांच्याकडे बाप लेकीच्या सासरच्या गावचं पाणीसुद्धा पीत नाही. लेक दिली की तिथलं घेणं संपलं. रुसल्या जावयाच्या दारात तोंड वाळवत बसायचं, आणि त्यानं बस म्हटलंच नाही तर? म्हणून म्हाताऱ्यानं मनाशी साधा हिशोब केला होता. देवकाचं घर अगदी रस्त्यावर. बाया उन्हाळ्यात दारातल्या मांडवाखाली काही ना काही निवडत बसलेल्या असतात. जीप तिथून निघेल, देवका मान वर करील, आपण तिला डोळे भरून पाहू. हात हलवू. बस्स. एवढ्यासाठी त्यानं तो बहावा फुलवला होता.

सकाळी निघाले. ऊन लवकरच तापलं. खरोखरच एका वळणावर बहावा फुललेला होता, निर्मलानं बोट दाखवून म्हटलंही, "मामाजी, तुमचा बहावा." म्हाताऱ्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचं लक्ष किल्ल्याच्या डोंगराकडे होतं. डोंगर जवळ आला तसा तो धोतर सारखं करू लागला, टोपी काढून पुन्हा घालू लागला.

गाव लागलं आणि नेमकी तिथेच जीप तापली. बॉनेटमधून वाफ निघाली, पाणी फसफसून बाहेर आलं. देवकाच्या घरासमोरच, गावच्या विहिरीला लागून गाडी उभी राहिली. म्हाताऱ्याला आधी आनंदच झाला. पण मांडव रिकामा होता. दाराला कडी होती.

हिरालाल बादली घेऊन विहिरीकडे निघाला, तसा बाबूलाल गरजला. "त्या विहिरीचं पानी घ्याचं नाही."

हिरालाल म्हणाला, पाणी गाडीला हवं आहे, तुम्हाला कोण पाजतं आहे? म्हातारा म्हणाला, गाडी कोणाच्या घरची? आपल्या. मग तिनंही प्यायचं नाही. आता अशा माणसापुढे कोणी डोकं फोडावं! हिरालालनं कपाळावर हात मारला. शेवटी गाडीला टांगलेली पाण्याची छागल काढली आणि प्यायचं सारं पाणी इंजिन निवल्यावर जीपच्या पोटात ओतलं.

तेवढ्यात शेजारची रंभाबाई बाहेर आली. तिनं ओळखलं, या बसा म्हणाली, निर्मलाला पाणी दिलं, हिरालालला दिलं. बाबूलालकडे तिनं तांब्या केला नाही. रीत तिलाही ठाऊक होती. मारोतराव बाजाराला गेला आहे, सांजी येईल, असं तिनं सांगितलं. बाबूलालनं विचारलं, "आन् देवका?"

"आताच तर होती इथं," रंभाबाई म्हणाली. "तुमची गाडी पाहिली, उभी राहिली, मंग पान्याचा गुंड उचलला आन् तिकडे निघून गेली. मी हाक मारली तर पलटून पाहिलं नाही."

म्हातारा विहिरीच्या ओट्यावर बसला. आपली लेक आपल्याला पाहून निघून गेली. रागावणारच. तीन वर्षं बाप फिरकला नाही, आता रामटेकच्या वाटेवर सहज डोकावतो आहे, जशी काही तीही एखादी किल्ल्याची भिंत. विहिरीत कोणाची तरी बादली बुडली, त्या आवाजानं घसा आणखीच सुकला. तो उठून जीपकडे गेला. मग म्हणाला, "चाल. इथं काही नाही पाहाचं."

जीप निघाली. गाव संपलं. पुढे कोरडा नाला होता, रेती नुसती भाजत होती. नाला ओलांडून चढावर आले आणि हिरालालनं ब्रेक दाबला. समोरून देवका येत होती. डोक्यावर भरलेला गुंड, पायात काही नाही, पदरानं तोंडाचा घाम पुसत. तिनं गुंड उतरवला आणि जीपच्या पायरीवर टेकवला.

"बाबा, हे पल्याडच्या गावच्या विहिरीचं हाये. आमच्या शिवेतलं नाही. प्या."

बाबूलाल खाली उतरला. त्यानं ओंजळ पुढे केली, तिनं धार धरली. तो प्यायला, पुन्हा ओंजळ केली, पुन्हा प्यायला. निम्मं पाणी कोपरावरून गळत होतं. तोंड ओलं झालं हे बरं झालं, नाहीतर लेकीपुढे रडताना लाज वाटली असती.

"मले वाटलं, तू तोंड फिरवून गेली," तो म्हणाला.

"मी कायले फिरवीन?" देवकाचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "तुमी फिरवलं. दोनदा मानूस धाडला आन् थकले. मी दर उन्हाळ्यात त्या मांडवात बसून रस्ता पाहून राहिली होती, बाबा."

"मारोतरावचा राग..."

"उतरला का नाही, मले काय माहीत? पुन्हा विचाराले कोनी आलंच नाही."

जीपचं इंजिन धडधडत होतं. बाबूलाल खाली वाकला, भरला गुंड दोन्ही हातांनी उचलून जीपमध्ये आपल्या जागेजवळ ठेवला आणि देवकाला आत बसवलं.

"हिरालाल, फिरव गाडी."

"आन् रामटेक?"

"रामटेक कुठं पळून नाही जात. मी माह्या लेकीले घ्याले आलो." गुंड कलंडू नये म्हणून त्यानं तो गुडघ्यांत धरला. "मारोतराव सांजी येते ना? तोवर बसतो मी त्याच्या दारात. एवढं पानी मले पुरते."