गाडी लावणार कुठं?

"वहिनी, याच्यावर मोबाईल लावा, टीव्ही लावा, लागलं त मिक्सर लावा. गाडी नका लावू. हा बोर्ड स्वतः त मरतेच, दुसऱ्यालेही घेऊन जाते."

प्रीतम वायरमनने हे सांगितले तेव्हा दामिनी दारातच उभी होती. कडेवर चार वर्षांची रेवा, हातात त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा ग्लास. ती हसून म्हणाली, "हो भाऊ, तात्पुरतंच आहे."

मित्रांनो, ते तात्पुरतं म्हणजे मी. चार सॉकेट, एक लाल बटण आणि तीन मीटर वायर असलेला एक्स्टेंशन बोर्ड. अकोल्यात, कौलखेडच्या एका घरात मी सहा वर्षे तात्पुरता होतो. माणसांच्या घरात तात्पुरत्या गोष्टीच सगळ्यात जास्त टिकतात, हे मी तिथे शिकलो.

माझ्या घराण्याबद्दल बढाई मारावी असे काही नाही. कुठल्याशा गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जन्मलो. पोटात तांबे केसाएवढे, पाठीवर लेबल तळहाताएवढे. लेबलावर कडाडणारी वीज काढलेली आणि खाली तीन इंग्रजी शब्द, त्यांतले दोन चुकलेले. बाजारात एकावर एक फुकट मिळत होता म्हणून दामिनीने मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच पिशवीतून आणले. मला तिने स्वतःकडे ठेवले आणि भावाला हिवरखेडला आईकडे, म्हणजे गोदाबाईंकडे, पोचवले. माझ्या त्या भावाला तेवढे लक्षात ठेवा. इथे कोणी ठेवले नाही.

मी काय नाही केले? मोबाईल चार्ज केले, टीव्ही चालवला, महालक्ष्म्यांच्या दिव्यांच्या माळा तीन-तीन दिवस तेवत ठेवल्या. तेव्हा दामिनीचे सासरे पंजाबराव एकदा म्हणाले होते, "हा बोर्ड मोठा कामाचा हाय बा." सहा वर्षांत माझे कौतुक तेवढेच. मग उन्हाळा आला आणि मला कूलर जोडला गेला. तुम्हाला माहीत आहेच, आपल्याकडे होळीनंतर घरात कर्ता पुरुष एकच असतो, कूलर. सगळे त्याच्यासमोर झोपतात, त्याला पाणी पाजतात, तो जरा खोकला तरी उठून बसतात. मी त्याच्या पायाशी पडून होतो. त्याच्या जाळीतून पाणी ठिबकायचे ते माझ्यापासून वीतभर अंतरावर.

दामिनी शिकलेली होती. डोळ्यांच्या एका दवाखान्यात ती लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायची. जगातल्या प्रत्येक गोष्टीची तिला काळजी. रेवाला द्राक्ष द्यायची तर चार तुकडे करून. गॅसचे बटण तीनदा बघायची, बाहेर पडून परत यायची आणि चौथ्यांदा बघायची. पोरीच्या पायात काळा दोरा, खिशात रुमाल, रुमालावर नाव, नावाखाली फोन नंबर. दिवसभर लोकांना विचारायची, "खालची ओळ दिसते का?" आणि स्वतःच्या घरातली सगळ्यांत खालची वस्तू तिला सहा वर्षांत एकदाही दिसली नाही. माझे बटण ती पायाच्या अंगठ्याने दाबायची.

दवाखाना सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ. घरापासून पाच किलोमीटर. रोज चार खेपा. ऑटोवाले दुपारच्या उन्हात गायब व्हायचे, म्हणून यंदा फेब्रुवारीत ठरले की दामिनीसाठी चार्जिंगवर चालणारे काहीतरी घ्यायचे. आणि माझ्या डोक्यावर तीन आठवडे असा काथ्याकूट चालला की मला माझी वायर कापून घ्यावीशी वाटली.

"सायकल बरी पडेल," दामिनी म्हणाली. "चार्जिंगची. बॅटरी काढून घरात आणता येते. चार्जरही लहानसाच असतो."

दिवाणावर लोळलेले पंजाबराव उठून बसले. "सायकल म्हणजे गाडी होते काय?"

"मामाजी, पायडल कमीच मारावं लागतं."

"कमी म्हणजे लागतेच ना! एमेस्सी झालेली सून पायडल मारत दवाखान्यात जाईन, त लोकं म्हणतीन, पंजाबरावच्या घरी पोरीले पोटभर खायले देत नाईत. काहून सायकल? गाडी घे. गाडीले गाडी म्हणतात."

दामिनीचा नवरा गोपाल मोबाईलमधून डोके न काढता म्हणाला, "अन् रेवाला कुठं बसवशील? भाजी कुठं ठेवशील? स्कूटरच घे. ही पाह्य, एका चार्जिंगमध्ये चिखलदऱ्याले पोचते."

चिखलदरा! या घरातले कोणी सहा वर्षांत चिखलदऱ्याला गेले नव्हते. रोज जायचे होते ते दवाखान्यात. पण माणसाला रस्ता पाच किलोमीटरचा असला तरी बढाई दीडशे किलोमीटरची लागते. रंग कोणता, हँडलमधला स्क्रीन केवढा, चढावर दम लागतो का, शेजारच्या पार्बताबाईच्या जावयाने कोणती घेतली, या सगळ्यावर बोलून झाले. सायकलच्या बाजूने आणि स्कूटरच्या बाजूने. दोन बाजूंना मिळून बोलणारी तोंडे तीन, आणि अक्कल माझ्या लाल बटणातल्या दिव्याएवढी. एकानेही विचारले नाही की बाबांनो, ती पिन खुपसणार कशात?

विचारले ते शोरूममधल्या माधवी नावाच्या मुलीने. मी तिथे नव्हतो, पण पंजाबरावांनी हा किस्सा पुढे इतक्यांदा सांगितला की मला पाठ आहे. फॉर्म भरता भरता ती म्हणाली, "काकाजी, गाडी लावणार कुठं?"

"लावाले काय? बैठकीत लावू. जागा लय हाय."

"अरे वा, घरातच सोय आहे," असे म्हणून तिने फॉर्मवर बरोबरची खूण केली.

ती विचारत होती चार्जिंगला कुठे लावणार. हे सांगत होते उभी कुठे करणार. एकच शब्द, दोन शहाणे, आणि मधल्या खड्ड्यात मी. दामिनी बाजूलाच होती. पुढे एकदा तीच म्हणाली की क्षणभर तिला खटकले होते, पण तेवढ्यात रेवा दाखवायला ठेवलेल्या गाडीवर चढली आणि ती तिला उतरवायला धावली.

स्कूटर आली. हार घातला, कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू फोडले. उंबऱ्याला फळी लावून तिला बैठकीत घेतले. मोठी नखरेल बाई. किल्ली फिरवली की स्क्रीनवर नमस्कार करायची. तिच्यासोबत विटेएवढा चार्जर आला, आणि त्याला तीन जाड पिना. जाड पिनांचे भोक घरात एकच होते, न्हाणीघरात, गीझरसाठी.

म्हणून प्रीतमला बोलावले. त्याने भिंती पाहिल्या, मीटर पाहिले, मग मला उचलून उलटे केले. सहा वर्षांत मला हातात घेऊन नीट पाहणारा तो पहिला माणूस. "मीटरपासून वेगळी जाड वायर ओढतो, व्हरांड्यात पॉइंट देतो," तो म्हणाला. "वायर आणून ठेवा, रविवारी येतो." आणि जाताना त्याने ते सांगितले, जे मी तुम्हाला पहिल्याच ओळीत सांगितले.

तो रविवार आला आणि गेला. त्या आठवड्यात घरात गाडीचे सीटकव्हर आले. पायाखालचे गुबगुबीत मॅट आले. आरशाला बांधायला लिंबू-मिरची आली. वायर आली नाही, म्हणून प्रीतमही आला नाही. गोपालने मात्र जाड पिनांच्या बारीक पिना करणारा एक ठोकळा आणला, तो माझ्या तोंडात खुपसला आणि म्हणाला, "झालं काम. प्रीतम उगाच भेव दावते."

मित्रांनो, हा ठोकळा म्हणजे लबाडीचा अर्क. हत्तीला शेळीच्या दारातून आत ढकलायचे आणि म्हणायचे, पाहा कसा मावला!

मे महिना लागला. रोज दुपारी दीड वाजता दामिनी घामाने निथळत यायची, तापलेली गाडी आत घ्यायची आणि संध्याकाळच्या खेपेसाठी लगेच चार्जिंगला लावायची. थोडी थंड होऊ दे, असे त्या गाडीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापले होते. पुस्तक कपाटात कुलपात होते. एका अंगाला चार्जर, दुसऱ्या अंगाला कूलर, आणि मध्ये मी, केसाएवढ्या तांब्याचा. माझ्यापासून दोन हातांवर दिवाण, आणि दिवाणावर आजोबांच्या कुशीत रेवा झोपलेली.

त्या दिवशी पारा सेहेचाळीसला टेकला होता. दामिनी जेवून स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. माझ्या आतले एक पाते आधीच सैल झाले होते. ते तापले, लाल झाले, मग माझे प्लॅस्टिक मऊ पडू लागले.

दामिनीला वास आला. अर्थातच आला! वास घेण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिने गॅसचे बटण पाहिले. पुन्हा पाहिले. फ्रीजमधले दूध हुंगले. खिडकीतून ओरडली, "पार्बताबाई, तुमच्याकडं काही जळून राहिलं काय?" ती सगळीकडे फिरली. माझ्याकडे तेवढी आली नाही.

मी शूर नाही. मी काही कोणासाठी जीव दिला नाही. स्वस्त माल वितळतो, तसा मी वितळलो, आणि वितळताना माझ्या पोटातली कूलरची तार आधी तुटली. कूलर थांबला.

आपल्याकडच्या माणसाच्या उशाशी ढोल वाजवा, तो उठणार नाही. मे महिन्यात कूलर बंद करा, तटकन उठेल. पंजाबराव उठले.

"काहून बंद केला वं कूलर?" म्हणत त्यांनी डोळे चोळले, आणि त्यांना मी दिसलो. धूर सोडणारा, कडेने पिवळी जीभ काढलेला. बाजूच्या खिडकीचा पडदा खालून पेटत होता. पंजाबरावांनी माणसे करतात तेच केले. कूलरमध्ये ओतायला ठेवलेली पाण्याची बादली उचलली.

"मामाजी, पाणी नका टाकू!"

दामिनी दारात होती. ती किंचाळली आणि आमच्याकडे न येता उलटी व्हरांड्यात धावली. मीटरजवळची मेन स्विचची मोठी खिट्टी तिने खाली ओढली. मग आत येऊन रेवाला उचलले, पंजाबरावांच्या हातातली बादली घेतली आणि आता पडद्यावर रिकामी केली. चार्जर गाडीपासून उपटला. हे सगळे तुम्हाला वाचायला लागले त्याहून कमी वेळात. रेवा जागी होऊन विचारत होती, "आई, तू रडते काहून?"

पडदा हातभर जळाला. भिंत काळी पडली. नखरेल बाईला ओरखडाही नाही.

जळका पडदा काढता काढता पंजाबराव पडेल आवाजात म्हणाले, "तू म्हणे तशी सायकल घेतली असती त..."

"सायकल घेतली असती ना मामाजी, तरी मी तिलाही यालाच लावलं असतं," दामिनी म्हणाली. "प्रीतमभाऊनं सांगितलं होतं. मला सांगितलं होतं."

सहा वर्षांत त्या घरात ऐकलेले शहाणपणाचे वाक्य ते एकच.

दुसऱ्या दिवशी प्रीतम आला. दोन तासांत जाड वायर ओढली, व्हरांड्यात पॉइंट दिला. दोन तास! तेवढे वाचवायला ही माणसे पोरीला माझ्याशेजारी झोपवत होती. जाताना प्रीतमने मला पुन्हा उचलून उलटे केले आणि पंजाबरावांच्या हातात ठेवले, ते त्यांना फार लागले. त्यांनी मला दाराच्या खिळ्याला टांगले, लिंबू-मिरचीच्या शेजारी. "दिसू द्या याले-त्याले," ते म्हणाले.

मी तिथे लटकलो होतो आणि दामिनी माझ्याकडे टक लावून पाहत होती. प्रथमच. मग तिचा चेहरा उतरला.

"याचा दुसरा आईकडे आहे."

तिने तिथल्या तिथे हिवरखेडला फोन लावला. पलीकडून कूलरची घरघर येत होती.

"आई, तो पांढरा बोर्ड गरम होते का गं?"

"होते न थोडासा. उन्हाळा हाय माय, सगळंच गरम होते," गोदाबाई म्हणाल्या. "सगळं ठीक हाय. तू तुह्यं पाह्य."

एका चार्जिंगमध्ये चिखलदऱ्याला पोचणारी गाडी दारात उभी होती. दामिनी रेवाला घेऊन एसटीने गेली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा तिच्या पिशवीत माझा भाऊ होता. कूलरचे पाणी उडू नये म्हणून गोदाबाईंनी त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर दोरा बांधला होता. पिशवी वितळून त्याच्या अंगाला चिकटली होती. एका सॉकेटभोवती तपकिरी वर्तुळ पडले होते. मी जळण्याआधी पंधरा दिवसांपासून माझ्याही अंगावर तसेच वर्तुळ होते. आता आम्ही दोघे एकाच खिळ्याला आहोत, पिशवीतून आलो होतो तसे.

मित्रांनो, सायकल घ्यावी की स्कूटर, हे मला विचारू नका. तुमच्या रस्त्याला जे शोभेल ते घ्या, तुमचे तीन आठवडे खुशाल वाया घालवा. पण आमची अशी जुळी भावंडे हजारो निघाली होती, आणि त्यातले एखादे आत्ता तुमच्या आजीच्या, मावशीच्या, नाहीतर गल्लीत एकट्या राहणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या कूलरखाली पडलेले आहे. फोन करू नका. फोनवर ती म्हणेल, सगळं ठीक हाय. तुम्ही जा. तिच्याशी चार शब्द बोला, तिच्या हातचे पाणी प्या, मग खाली वाका आणि त्या बोर्डावर हात ठेवून पाहा.

पायाचा अंगठा नव्हे. तळहात.