आईबापाला चांगलं वागवतोस का?

सोडतीत नगराचा अधिकारी म्हणून फिलाग्रोसचं नाव निघालं आणि त्याच्या म्हाताऱ्या बापानं, तिमोखारिसनं, अथेन्सचा अख्खा कुंभारवाडा डोक्यावर घेतला. घराण्यातला पहिला अधिकारी! आता उरली होती ती फक्त सभेपुढची चौकशी, आणि तिच्यात नापास व्हायला खास अक्कल लागते. बाप कोण, कुळाची थडगी कुठे, आईबापाला चांगलं वागवतोस का, लढाईला गेलास का. नीट उत्तरं द्यायची, हो म्हणायचं आणि घरी जाऊन जेवायचं.

ती खास अक्कल फिलाग्रोसनं मेहनतीनं कमावली होती. गेली काही वर्षं तो वेशीबाहेर तत्त्वज्ञ जमायचे त्या बागेत, ‘चांगलं म्हणजे काय’ याचा काथ्याकूट करायला जात होता. घरी लाकडं फोडायला बाप होताच.

थडग्यांपर्यंत सगळं सुरळीत झालं.

“आईबापाला चांगलं वागवतोस?” अध्यक्षानं जांभई देत विचारलं.

“चांगलं म्हणजे आवडतं ते, की हिताचं ते?” फिलाग्रोस म्हणाला. “बाबांना दारू आवडते. ती दिली तर चांगलं, की नाही दिली तर?”

“दे रे बाबा त्यांना,” मागून कुणीतरी ओरडलं, “आणि आम्हालाही दे!”

“हो की नाही, तेवढं सांग,” अध्यक्ष म्हणाला.

“चांगलं म्हणजे काय हेच मला अजून कळलेलं नाही. हो कसं म्हणू?”

मुलाचा साक्षीदार म्हणून तिमोखारिसच आला होता. तो लगबगीनं उठला, झ्यूसची शपथ घेतली आणि धडधडीत खोटं बोलला.

“रोज रात्री माझे पाय चेपून देतो. तेल लावून.”

सभेनं माना डोलावल्या. अध्यक्षानं रिवाजाप्रमाणे विचारलं, “या माणसावर कुणाला आरोप करायचाय?”

एकच हात वर गेला. फिलाग्रोसचा.

“मी यांचे पाय कधीच चेपले नाहीत,” तो म्हणाला. “दुखतात का, हेसुद्धा कधी विचारलं नाही.” बागेत हा प्रश्न कधी निघालाच नव्हता.

लेखनिकानं कायदा पाहिला. आरोप कुठल्याही नागरिकाला करता येत होता. स्वतःवर करू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

“मग आरोपीची बाजू कोण मांडणार?”

“मी,” तिमोखारिस म्हणाला. पोराच्या कानाखाली आवाज काढावा इतका राग त्याला आला होता, आणि त्याच पोराचा अभिमानही वाटत होता. “आरोप करणारा खरं बोलतोय. खोटं मी बोललो. पण आरोपी माझा मुलगा आहे हो. त्याला पदरात घ्या.”

फिलाग्रोसला अधिकारी करावं असं वाटणाऱ्या सभासदांनी हात वर करायचा होता. काही हात वर गेले. पुरेसे गेले नाहीत. तिमोखारिसनंही हात वर केला.

“आजोबा, तुम्ही सभासद नाही, तुम्हाला इथे मत नाही,” शिपाई म्हणाला.

“ठाऊक आहे,” तिमोखारिस म्हणाला, आणि मोजणी संपली तरी त्यानं हात खाली घेतला नाही.