वेंगुर्ल्याला पाठवलेला कूलर

यमुताईंचं कीर्तन मी एकतीस वर्षं ऐकते आहे. त्यातली सत्तावीस नागपूरच्या महाल भागातल्या राममंदिरात, पहिल्या ओळीत मांडी ठोकून, आणि गेली चार टीव्हीवर. गुडघे दुखायला लागले तशा त्या भाच्याकडे, अनंतकडे, वेंगुर्ल्याला राहायला गेल्या. पण दर एकादशीला संध्याकाळी पाचला त्या तिथल्या माजघरात व्हिडिओ कॉल लावलेल्या फोनसमोर उभ्या राहतात, अनंत पेटी वाजवतो, शेजारचा मार्तंड तबला, आणि इकडे नागपुरात रुपरावजींच्या बैठकीत आम्ही अकरा जणं टीव्हीसमोर हात जोडून बसतो. बुक्का ज्याचा त्याने घरून आणायचा.

यंदा चैत्रात त्यांचा निरोप आला. सोबत वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो. 'उन्हाळ्याचा अंदाज वाचा. या हवेत मला उभं राहवत नाही. आता कीर्तन बंद. पावसाळा सरल्यावर बघू.'

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई 'बघू' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ 'संपलं' असाच लागतो. मी कात्रण मोठ्याने वाचायला घेतलं. "किनारपट्टीवर एप्रिल ते जून कमाल तापमान चौतीस ते पस्तीस अंश..."

पुढे वाचूच दिलं नाही कोणी. सगळे हसायला लागले. बाहेर त्या दिवशी चव्वेचाळीस होते.

"चौतीस?" रुपरावजी म्हणाले. "अवं कामिनीताई, चौतीसमंधी आपल्या इकडं लोकं लग्नं करतेत! बाईले घाम काहून येऊन राहिला मंग?"

"त्यांच्याकडे नुसता पंखा आहे म्हणे," मी म्हटलं.

"हां! म्हणजे कूलर नाही." रुपरावजींचा चेहरा उजळला. हिंगण्याला त्यांचा कूलर बनवायचा कारखाना आहे. कुणाचंही दुःख त्यांना कूलरच्या मापात दिसतं. "मी पाठोतो ना बाप्पा. मोठा, खसच्या ताट्यावाला. कीर्तनाची सेवा समजा."

आता कबूल करते, अंदाजात खाली आणखी एक ओळ होती. मी ती पाहिली होती. पण एवढा उत्साह उसळलेला असताना कोण वाचत बसतं? देवाच्या कामात आपलं शहाणपण मध्ये आणू नये, असं मी मनाला सांगितलं आणि कात्रण मिटवलं.

नागपूरजवळच्या वाडीहून ट्रकने कूलर गेला. यमुताईंचा फोन आला, आवाज चक्क हसरा. "रुपरावजी, नागपूरचं वारं पाठवलंत की हो! बरं, येत्या एकादशीला उभी राहून पाहते. जमलं तर जमलं. नाही तर मग मला आग्रह करायचा नाही."

"जमनच!" रुपरावजी म्हणाले.

एकादशीला आम्ही साडेचारलाच हजर. पाचला टीव्हीवर माजघर दिसलं. खिडकीत आमचा कूलर धडधडत होता, खसच्या वाळ्याचा वास इथपर्यंत आल्यासारखा वाटला. यमुताईंनी नमन म्हटलं. आवाज तोच, तुपासारखा. माझे डोळे भरले. रुपरावजींनी मला कोपराने ढोसलं, "पाहा, म्या काय म्हटलं होतं?"

पूर्वरंग अर्ध्यावर आला आणि पेटीची एक पट्टी खाली गेली ती वर येईना. अनंतने नखाने उचलली. मग दुसरी. तबल्यावरच्या मार्तंडने थाप मारली तर ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा आवाज आला. यमुताईंचं पातळ अंगाला चिकटलं होतं. आणि चित्रच अंधुक झालं. तिकडून कुणीतरी फोनची काच पुसली.

यमुताई थांबल्या.

"रुपरावजी," त्या म्हणाल्या, "ढगात उभी आहे मी."

"पाणी कमी करा, ताई! नाही तर वाढवा!"

"अहो, इथल्या हवेत आधीच एवढं पाणी आहे, त्यात तुमच्या कूलरने भर घातली. अंदाजात लिहिलं होतं की, आर्द्रता ऐंशी टक्के. कात्रण कोणी वाचलं होतं?"

दहा माना माझ्याकडे वळल्या.

"मी," मी म्हटलं. "पहिली ओळ वाचली. दुसरी... सोडली. ताई, वाचली असती तर कूलर गेला नसता आणि कीर्तन बंदच राहिलं असतं, म्हणून सोडली."

यमुताईंनी वळून धडधडत्या कूलरकडे पाहिलं. वाटलं, संपलं. माझ्या लपवाछपवीपायी संपलं.

"अनंत, तो बंद कर," यमुताई म्हणाल्या. "पेटीही राहू दे. मार्तंडा, झांज घे." पदराने तोंड पुसून त्या सरळ उभ्या राहिल्या. "सुदाम्याचं आख्यान लावते. द्वारकासुद्धा समुद्रकाठचीच. पण सुदामा पोहे घेऊन गेला हो. कूलर नाही नेला."

मार्तंडच आधी हसला. मग आम्ही.

घामाच्या धारा लागलेली ती म्हातारी नुसत्या झांजेवर गाऊ लागली. आणि आम्ही? रुपरावजींच्या कूलरपुढे केस उडवत बसलेलो. मला लाज वाटली. त्यांनाही वाटली असावी, कारण ते उठले आणि खटकन बटण बंद केलं.

"आपुनबी घाम काढू," ते पुटपुटले.

त्रेचाळीस अंश. पाच मिनिटांत बैठकीची भट्टी झाली. आमच्यातल्या शोभाताईंनी पदराचा पंखा केला. टीव्हीवर यमुताईंनी डोळे बारीक करून आमच्याकडे पाहिलं. त्यांना तिकडे आम्ही दिसतो, हे आम्ही विसरलो होतो.

"कूलर बंद केलात वाटतं?" त्या गोड आवाजात म्हणाल्या. "अरे वा. मग आज सविस्तर सांगते."

एरवी सुदामा वीस मिनिटांत द्वारकेला पोचतो. त्या दिवशी तो वाटेत प्रत्येक झाडाखाली थांबला. प्रत्येक झाडाचं वर्णन झालं. वेशीवरच्या पहारेकऱ्यांची नावं आली. तास झाला, दीड तास झाला. रुपरावजींचा सदरा पिळून काढण्याजोगा झाला.

"कामिनीताई," ते माझ्या कानाशी म्हणाले, "बाई मुद्दाम करून राहिल्या का वं?"

"गप बसा," मी म्हटलं. "आत्ता कुठे तो दारात पोचलाय."

साडेसातला आरती झाली. यमुताई घामाने निथळत होत्या, पण चेहऱ्यावर तेज असं की मंदिरातले दिवस आठवावेत. "मला वाटलं होतं, आता आपण संपलो," त्या म्हणाल्या. "आज कळलं, पेटीवाचूनही चालतं, गारव्यावाचूनही चालतं. समोर बसणारे मात्र हवेत. तर पुढच्या एकादशीला पाचला. दोन्हीकडचे कूलर बंद."

"दोन्हीकडचे?" रुपरावजी ओरडले. "ताई, भर वैशाख असन तवा! इथं पंचेचाळीस राहतेत!"

"हो, पण कोरडे ना?" यमुताई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.